न उघडलेल्या खात्यातली गिरिजा

मंडळी, या सदरात मी आजवर फक्त खोड्या काढायला येत होतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली, की 'तिचे पाय तपासले कुणी?' असं विचारणारा तो मीच. शिवाजी पेठेत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या आणि कड्याकोयंडे विकणाऱ्या माणसाचा अदृश्य गोष्टींवर विश्वास बसणं तसं अवघडच. अजूनही बसलेला नाही. पण जे दिसलं ते दिसलं... आणि आत्ता लिहितानाही बोटं इतकी धावताहेत, की एकदाचं सांगूनच टाकतो.

साल २००९. माझी थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, हातकणंगल्याला दिलेली. तिची मुलगी गिरिजा डेअरीचं शिक्षण घेऊन जवळच्याच एका दूध केंद्राच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून लागली होती. तिला स्थळ आलं. मुलगा पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. घरचे लोक बरे, अट एकच — मुलीनं नोकरी सोडून पुण्याला यायचं. रविवारी सुपारी फोडायची ठरली. त्याआधी मामानं, म्हणजे मी, चौकशी करून शब्द द्यायचा होता.

आमच्याकडे ही चौकशी गुपचूप होते. मुलाच्या गावात परक्यासारखं जायचं, केशकर्तनालयात बसायचं आणि दाढी करता करता घराण्याचा विषय काढायचा. अक्काच्या लग्नाआधी आमच्या मामांनी एकाच गावात, एकाच दिवशी, दोन न्हाव्यांकडून दोन दाढ्या करून घेतल्या होत्या. खात्री पटली, पण चेहरा आठवडाभर सोललेल्या बटाट्यासारखा होता. पण पुण्यात शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. तिथं दाढी कुठं करणार?

उपाय सदानं काढला. सदा म्हणजे आमच्या गल्लीतला फुटबॉलवाला. गुडघा गेल्यावर त्यानं सायबर कॅफे टाकला होता. तो म्हणाला, नोकरदार लोकांची एक साइट निघालीय. तिथं प्रत्येक जण आपली सगळी कुंडली आपणच मांडून ठेवतो.

दुपारी दुकान बंद करून मी त्याच्याकडे गेलो.

"अण्णा, खातं काढल्याबिगर बघता येत न्हाय. हुद्दा काय लिवू?"

"दुकानदार."

"मग कोण बघंल व्हय तुमाला? 'बिझनेस लीडर' टाकतो."

दहा बाय बाराच्या दुकानाचा मी लीडर झालो.

"आणि मी बघून गेलो हे त्या मुलाला कळलं तर?"

"कळतंयच की! नाव-गाव सगळं दिसतंय त्याला. पण हितं खूण केली, की नुसतं 'कुणीतरी एक जण येऊन गेला' एवढंच. तोंडाला रुमाल बांधून गेल्यागत."

रुमाल बांधला. मुलाचं पान उघडलं. 'डायनॅमिक', 'पॅशनेट', 'ग्लोबल'... सव्वीस वर्षांच्या पोरानं इतकं काही बदलून टाकलं होतं, की पुणे अजून जागेवर आहे याचंच नवल वाटलं. पण शब्दांची सूज उतरवली तर खाली खोट काही नव्हती. सरळ शिक्षण, एकच नोकरी, धरसोड नाही. रविवारी 'हो' म्हणायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

पानाच्या उजव्या बाजूला एक पट्टी होती. 'हे पान बघणाऱ्यांनी हीही पानं बघितली.' टाय लावलेली चार-पाच तोंडं. आणि सगळ्यात खाली, फोटोशिवाय, एक नाव — गिरिजा. मधे आमच्या दाजींचं नाव, पुढं दाजींचं आडनाव.

मी क्लिक केलं.

तेव्हाचं नेट आठवतंय ना? फोटो एकदम यायचा नाही. दुकानाचं शटर खाली यावं तसा वरून खाली, पट्टी पट्टीनं उतरायचा. आधी एक चकचकीत स्टीलचा पाइप आला. त्यावर कानडी अक्षरं. आमच्या घरात अर्धं बोलणं कानडीत आणि लहानपणी आजोळी अक्षरंही गिरवलेली, त्यामुळे मला ती वाचता आली — 'मुट्टबेडी', हात लावू नका. मग केस आले. मानेपर्यंत कापलेले. मग कपाळ... मग डावी भुवई, आणि तिच्यात ती खूण! लहानपणी जोतिबाच्या पायऱ्यांवर पडून झालेली. तिला उचलून डॉक्टरकडे नेलं होतं ते मीच. खाली पांढरा कोट. नावाखाली लिहिलेलं — शिफ्ट इनचार्ज, क्वालिटी लॅब, धारवाड.

मी सदाला हाक मारली नाही. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं तो आपणहून आला.

"ह्या कोण म्हणायच्या?"

"माझी भाची."

"आपली गिरिजा? काय बी काय! परवाच तर दुकानावर आलती की. ही एवढी वेणी हाय तिची." त्यानं कमरेपर्यंत हात नेला, मग स्क्रीनला नाक लावलं. "आवो... पर हाय तर तीच की. जरा मोठी दिसतीया."

पानाचा खालचा भाग अजून यायचा होता. सदानं घाईनं रिफ्रेश केलं. पान नाही! पुन्हा मुलाच्या पानावर गेलो, तर पट्टीत फक्त टायवाले. नाव टाकून शोधलं. अशी कुणी व्यक्तीच नाही.

"आत्ता हुतं की, आयला! तुमी बघितलं, मी बघितलं!" सदा ओरडला. पलीकडे निकाल बघायला बसलेली मुलं वळून बघायला लागली.

मी तडक दुकानात येऊन गिरिजाला फोन लावला.

"त्या नोकरीच्या साइटवर खातं काढलंस का गं?"

"कसलं खातं, मामा? आमचं फॅट बघायचं मशीनच धड चालंना, साइट कुठली काढताय?"

"आणि धारवाडला कधी गेलतीस?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग एकदम हळू आवाजात, "तुमास्नी कुणी सांगितलं? मी कुणालाच बोललो न्हाय. तिथल्या डेअरीत अर्ज टाकलाय. मंगळवारी मुलाखत हाय. आप्पांना सांगू नकासा, मामा."

मंडळी, हातातला फोन मी अक्षरशः दोन्ही हातांनी धरला!

रविवारी अक्काच्या घरी पाट मांडलेले, तबकात सुपारी, मुलाकडची माणसं कडक इस्त्रीत बसलेली. त्यांच्यातले एक काका तर आपल्या घराण्याची कीर्ती अशी सांगत होते, की मधे फक्त तोफा उडायच्या राहिल्या होत्या. दाजी माझ्याकडे वळले.

"बोला की, पावणं. पोरात काय खोट?"

"काहीच नाही. मुलगा चांगला आहे."

"मग फोडूया सुपारी."

"नको. आठ दिवस थांबा. पोरीला मंगळवारी एका ठिकाणी जायचंय, ते होऊ दे."

"कुठं जायचंय? खोट न्हाय म्हणताय, आन् नको बी म्हणताय! डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

गिरिजा आतून दारात आली. "आप्पा, धारवाडला मुलाखत हाय. जाऊन येतो, मग तुमी म्हणशीला तसं."

मुलाकडच्यांनी एकमेकांकडे बघितलं, चहा घेतला आणि सुपारी तशीच ठेवून उठले. मामानं शब्द दिला नाही, म्हणजे मुलीत काहीतरी असणार, असा आमच्याकडे सरळ हिशेब असतो. तो लक्षात घेऊनच मी बोललो होतो. दाजींनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं.

आणि मुलाखतीत गिरिजाची निवड झाली नाही.

ते दिवस मला आठवायचे नाहीत. पोरीला दुसरं स्थळ येईना. अक्का फोनवर नुसती रडायची. दुकानात बिजागऱ्या मोजताना मी स्वतःला विचारायचो... एका अर्ध्या उतरलेल्या चित्रासाठी तू पोरीचं घर मोडलंस? सदा समोर आला की आम्ही दोघं दुसरीकडे बघायचो.

गणपतीनंतर धारवाडहून बोलावणं आलं. निवडलेला माणूस रुजूच झाला नव्हता. गिरिजा गेली. तिथं टायफॉइड झाला, केस झडायला लागले म्हणून तिनं ते मानेपर्यंत कापले. फोनवर हे ऐकलं आणि मोजलेल्या बिजागऱ्या मी पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतल्या. त्या फोटोबद्दल मी तिला अवाक्षर बोललो नव्हतो! पुढं ती शिफ्ट इनचार्ज झाली, आणि एके दिवशी तिनंच कळवलं, "मामा, साहेब म्हणाले म्हणून त्या साइटवर खातं काढलंय. बघा की."

सदाचा कॅफे तोवर मोबाइलचं दुकान झाला होता. आम्ही दोघांनी त्याच्या काउंटरवर उभं राहून बघितलं. पाइप. मुट्टबेडी. केस. भुवई. फुटबॉलच्या मैदानातून ज्याचा आवाज रंकाळा तलावापर्यंत जातो, तो सदा हळूच म्हणाला, "अण्णा, नमस्कार करावा का न्हाय, ते बी कळंना."

माझा एक इंजिनिअर मित्र आहे. त्यानं सगळं ऐकून गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की कॉम्प्युटर पानं साठवून ठेवतो, तीच कधी कधी पुन्हा दिसतात. जुनी साठवतो, मान्य. पुढची कोण साठवतो, विचारलं तर त्याला एक मीटिंग आठवली. तेव्हा स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, त्याच्याकडेही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा. पण मंडळी, मोठे शब्द नकोत.

दाजी आता बोलतात. धारवाडला लेकीकडे जाऊन आले, की तिच्या लॅबची कीर्ती ते त्या काकांच्याच सुरात सांगतात. गिरिजाला मात्र हे सगळं मी गेल्या दिवाळीत सांगितलं. आधी ती पोट धरून हसली. मग तिनं पहिला प्रश्न विचारला, तो मला सुचलाच नव्हता.

"त्या फोटूत मी खूश हुतो का, मामा?"

मी आठवून बघितलं. खरं ते सांगितलं. "हसत नव्हतीस. ऐन कामातून कुणीतरी फोटोला उठवल्यासारखी वैतागलेली दिसत होतीस."

"मग खूश हुतो," ती म्हणाली.