बंद इंजिनावर गार झालेला डबा

भूत, बाहेरचं, करणी — असलं मी कधी मानलं नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारा-धुपारा शिरलेला नाही. त्यात माझा धंदा फ्रीज-कूलर दुरुस्तीचा, चंद्रपूरजवळच्या मूल गावात दुकान. गॅस संपला की फ्रीज थंड होत नाही, इतकं सरळ माझं शास्त्र. त्यामुळे हे लिहून मी स्वतःचंच हसं करून घेतोय, हे कळतंय... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या डोक्यात एक खूळ होतं. गाडीच्या सायलेन्सरमधून जी आग फुकट बाहेर जाते, तिच्यावरच मालाचा डबा गार करायचा. पूर्वी घासलेटच्या दिव्यावर चालणारे फ्रीज असायचे, तसंच. टाकीतलं अमोनियाचं पाणी तापलं की वाफ नळ्यांतून फिरते आणि डब्यातली गरमी ओढून घेते. नातेवाईक म्हणायचे, हा आता चुलीवर बर्फ जमवणार.

गाडी दिली मारोतीभाऊंनी. सावली तालुक्यातल्या तलावावरची मासळी ते आपल्या छोट्या ट्रकमधून चंद्रपूरला नेत. उन्हाळ्यात तलाव आटतात, मासे एकदम निघतात आणि बर्फाचं अर्ध्या वाटेत पाणी होतं. पन्नाशीचा काटक, थट्टेखोर माणूस. आठवडाभर खपून टाकी मी डब्याखाली, मागच्या चाकाजवळ बसवली.

पहिल्या फेरीला मी सोबत गेलो. मे महिना, भर दुपार. मूल सोडलं, जंगल लागलं. केबिनमध्ये लावलेलं मीटर डब्यात सहा डिग्री दाखवत होतं आणि मी फुगलो होतो. दीडच्या सुमारास इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. डिझेलच्या लाइनीत हवा शिरली असावी, काही केल्या चालू होईना. मोबाइलला रेंज नाही. मारोतीभाऊ मागच्या चाकाला पाठ लावून सावलीत बसले, म्हणाले तू जा फोन करून ये. पुढच्या चढावर रेंज मिळाली. मूलच्या मेकॅनिकला बोलावलं आणि परत आलो, तोवर तास झाला होता.

मीटर बघितलं. दोन.

इंजिन बंद म्हणजे आग नाही, आग नाही म्हणजे गारवा नाही. सहाचे एव्हाना दहा-बारा व्हायला हवे होते. खरं सांगतो, आधी मला आनंदच झाला. टाकीत गरमी उरली असेल असं म्हणत मी तिच्यावर पाणी शिंपडलं, तर चर्र झालं. तिला जोडलेला सायलेन्सरचा पाइप मात्र नुसता कोमट होता.

मग मारोतीभाऊंकडे लक्ष गेलं. मान कलंडलेली, डोळे अर्धे मिटलेले. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात माणूस असा पडलेला दिसला की कोणी विचार करत बसत नाही. ऊन लागलं! मी त्यांचा खांद्यावरचा दुपट्टा भिजवून डोक्यावर, छातीवर टाकला. त्यांच्या जेवणाच्या डब्यातला कांदा फोडून तळपायाला चोळला. मासळीत ठेवलेली पाण्याची कॅन काढून अंगावर ओतली. ते पुटपुटले, "मले उन्हात ने."

ऊन लागलेला माणूस बडबडतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. मी म्हटलं, "उन्हात काऊन जी? पडून राहा." आणि आणखी पाणी ओतलं.

ग्लुकोजची पुडी घ्यायला केबिनमध्ये चढलो. मीटर उणे तीन. खाली टाकी आता कुणी फुंकणी लावल्यासारखी सूं सूं करत होती. मी त्यांच्या सदऱ्यात हात घातला... त्या उन्हात माणसाची छाती माठासारखी गार होती. ओठ काळेनिळे. जितकं मी त्यांना थंड करत होतो, तितका तो डबा थंड होत होता. आग कुठून येत होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"उन्हात टाक मले, मिस्त्री," ते म्हणाले. "अंगातलं ओढून राह्यलं कोणी तरी."

बगलेत हात घालून मी त्यांना फरफटत तीसेक पावलं लांब नेलं आणि ज्या डांबरावर कुत्रंही पाय ठेवत नाही, तिथे निजवलं. माझे तळवे भाजले. त्यांना काहीच वाटत नव्हतं. वेड्यासारखे हातपाय चोळत राहिलो. मला रडू येत होतं आणि वळून त्या गाडीकडे बघायची हिंमत होत नव्हती. बऱ्याच वेळाने सूं सूं थांबलं. मग ते कण्हले, "पाठ भाजते, बापा." माझ्या जीवात जीव आला.

मेकॅनिक आल्यावर त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर अशक्तपणा म्हणाले. मासे दगडासारखे गोठले होते. व्यापाऱ्याने तर असा ताजा माल पाहिला नाही म्हणून पाठ थोपटली.

टाकी मी कापून पाहिली. एकेक नळी उघडून पाहिली. ज्यांना यातलं कळतं त्यांना विचारलं. कुणी म्हणालं मीटर बिघडलं असेल. असेल. पण गोठलेले मासे?

मारोतीभाऊ जिवंत आहेत, पण गाडी चालवणं सुटलं. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून अंगणात बसतात. परवा भेटायला गेलो, तर त्यांच्या बायकोने चहा ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मिस्त्रीभाऊ, त्या गाडीतले मासे तुमी काढले. ह्यायची ऊब कुठी रायली?"

मी मारोतीभाऊंचा हात हातात घेऊन बसलो. गारच होता. थोड्या वेळाने माझी बोटं गार पडायला लागली, मग मनगट... आणि मी हात सोडून दिला. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला.