पान उलटतोय

नवघरच्या त्या वाचनालयात पुस्तकांवर धूळ नसायची, पीठ असायचं. खाली गिरणी, वर वाचनालय आणि मधे असा उभा लाकडी जिना, की ज्ञानाची तळमळ असलेला माणूसही दुसऱ्या पायरीवर क्षणभर विचार करी. जिन्याच्या माथ्यावर काशीनाथ बसायचा. कागदोपत्री शिपाई, पण पुस्तकं देणं, घेणं, झटकणं आणि कमिटीला चहा सांगणं ही सगळी खाती त्याच्याचकडे. नियमाला इतका कडक, की उशिरा पुस्तक आणलं म्हणून त्याने बायकोलाही दंड लावला होता. तिने तो भरला नाहीच, वर दोन दिवस आमटीत मीठ घातलं नाही.

१९८९ साली केसरबाई त्या जिन्यावरून पडल्या. परळच्या म्युनिसिपल शाळेतून निवृत्त होऊन त्यांनी नवघरात ब्लॉक घेतला होता, तो वाचनालय जवळ आहे म्हणून. आणि काचबिंदूने नेमके तेव्हाच डोळे नेले. आठवड्याने काशीनाथ त्यांच्या दारात उभा राहिला.

"बाई, तुमच्या कार्डावर एक पुस्तक हाय."

"घेऊन जा. मला आता ते उशाला घ्यायच्या कामाचं."

काशीनाथने पुस्तक पिशवीत घातलं, पुन्हा काढलं, आणि स्टुलावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागला. पहिल्या पानापासून म्हणजे प्रकाशकाचा पत्ता, किंमत आणि 'सर्व हक्क स्वाधीन' यांसकट.

मग त्याने कमिटीपुढे अर्ज टाकला, की दिसत नसलेल्या वाचकांसाठी पुस्तकं कॅसेटवर वाचून द्यावीत. कॅसेट हे पुस्तक आहे की नाही, यावर कमिटीच्या तीन सभा झाल्या. शेवटी चिटणीस गुणवंतरावांनी एक जुना टेपरेकॉर्डर आणि सहा कॅसेटा मंजूर केल्या. रजिस्टरात नोंद पडली : 'पुस्तके, बोलकी, नग सहा.' सातवी कॅसेट कधीच मंजूर झाली नाही.

शुक्रवारी वीज नसे, गिरणी गप्प असे. त्या दुपारी काशीनाथ टेपमध्ये सेल घालून वाचायला बसे. पान संपलं की "पान उलटतोय" असं जाहीर करी, अंगठा जिभेला लावी, टक्क असा आवाज काढी आणि फर्रकन पान उलटी. वाचताना कुणी वर्गणीदार आला तर तोही कॅसेटमध्ये जाई. नायिका विहिरीशी उभी असताना मधेच ऐकू येई, "चप्पल भायेर काढा, हितं न्हाय."

केसरबाई घरच्या टेपवर ऐकून झालेली कॅसेट परत देताना तपासलेल्या वहीसारखी देत.

"पाणी म्हणा, काशीनाथ. पानी नव्हे."

"पिताना सारखंच लागतंय, बाई."

"आणि पानाला थुंकी लावू नका. इथवर ऐकू येते."

परत आलेली कॅसेट पुन्हा भरायची, हा वाचनालयाचा कायदा. जुन्या पुस्तकावर नवं पुस्तक चढे. एकदा बाईंनी विचारलं, एखादं राहू दिलं तर? काशीनाथने त्यांचं बोट धरून कॅसेटच्या मागच्या कडेवर ठेवलं.

"हे दोन बारीक दात हाईत ना, ते मोडले की वर काय भरता येत न्हाय. म्हनून आपन मोडायचे न्हाय. वाचनालयाचा माल हाय."

अशी सात वर्षं गेली. शेकडो पुस्तकं वाचली आणि शेकडो पुसली.

१९९६ च्या सुरुवातीला काशीनाथने एक जाडजूड कादंबरी काढली. अठरा प्रकरणं सहा कॅसेटांत बसली. बाईंनी ऐकली, परत दिली, त्यांच्यावर पुढची चढली. आवाज मात्र घोगरा होत चालला होता. बाईंनी फटकारलं, "काशीनाथ, तपकीर सोडा! नायिकेला मिशा फुटल्यासारख्या वाटतात." काशीनाथ हसला. हसताना त्याला घशात दुखलं, ते बाईंना दिसलं नाही.

छत्तिसाव्या प्रकरणात काशीनाथ थांबला. त्यानंतर तो आलाच नाही.

दोन महिने बाई स्वतःला दोष देत बसल्या. मिशांचं आपण बोलायला नको होतं. सातवी शिकलेला माणूस आपल्यासाठी दुपारी घालवतो आणि आपण त्याचे कान धरतो! शेवटी गुणवंतराव आले. "बाई, पुढच्या शुक्रवारपासून स्नेहल वाचेल. कॉलेजात आहे, उच्चार अगदी स्वच्छ. जुन्या कॅसेटा तेवढ्या द्या. घ्यायला काशीनाथच येईल." काशीनाथला काय झालंय, हे बाईंना ठाऊक असणारच, असं धरून ते निघून गेले. कमिटीने अशा पुष्कळ गोष्टी धरलेल्या असत.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं.

"कोण?"

बाईंनी दार उघडलं.

"कोण आहे? अहो, बोला की!"

दाराबाहेर काशीनाथ उभा होता. मानेला मफलर, भर एप्रिलात. आत, गळ्याच्या खळगीत, एक भोक. स्वरयंत्र परळच्या हॉस्पिटलात राहिलं होतं. तो 'मी' म्हणायला गेला आणि भोकातून नुसती हवा आली. बाई घाबरून दार लावायला लागल्या. काशीनाथने पिशवीतलं पुस्तक उघडलं, अंगठा जिभेला लावला. टक्क. फर्रकन पान उलटलं.

बाईंचा हात दारावरच थांबला.

"थुंकी लावलीत ना?" त्या म्हणाल्या. आणि मग, "काशीनाथ?"

त्याने पुन्हा पान उलटलं.

"रागावलात? एक शब्दही बोलणार नाही माझ्याशी?"

काशीनाथने पुस्तक खाली ठेवलं. मग, कॅसेटचे दात दाखवताना धरलं होतं तसंच, बाईंचं बोट धरलं, मफलर बाजूला केला आणि गळ्यापाशी नेलं. ब्रेल शिकायचं वय गेलं म्हणणाऱ्या बाईंनी बोटांनी वाचलेलं ते पहिलंच काही. त्या खाली बसल्या. "मी तपकीर म्हटलं हो," एवढंच दोनदा म्हणाल्या.

मग उठून शेवयांच्या डब्यातून सहा कॅसेटा काढल्या. काशीनाथने पिशवीचं तोंड उघडं धरलं.

"स्नेहल यांच्यावरच वाचणार?"

त्याने टेबलावर एक टिचकी मारली. हो.

बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला. बोटाने पहिल्या कॅसेटची कड चाचपली आणि दात मोडला. कट्. काशीनाथचा हात पुढे झाला. वाचनालयाचा माल होता. पण तो हात मधेच राहिला. दुसरा दात. तिसरा. बारा दात मोडून होईतो बाई थांबल्या नाहीत.

"लिहा रजिस्टरात, म्हातारीने हरवल्या," त्या म्हणाल्या.

काशीनाथने लिहिलं. एवढ्या नोकरीत पहिल्यांदाच खोटं लिहीत होता, म्हणून अक्षर फार चांगलं काढलं. स्नेहलला नव्या कॅसेटा मंजूर झाल्या. एका सभेत, चहासुद्धा न पिता.

तिचं वाचन खरंच स्वच्छ होतं. बाई मन लावून ऐकत. त्या कादंबरीची उरलेली चार प्रकरणंही वाचते म्हणाली, तेव्हा मात्र बाई म्हणाल्या, "नको गं, राहू दे."

शुक्रवारी दुपारी काशीनाथ येतो. बाई टेप लावतात. पहिली अठरा प्रकरणं पुसलेली, म्हणून गोष्ट एकोणिसाव्यापासून सुरू होते. नायिकेला पानी हवं असतं. बाई दुरुस्त करत नाहीत. स्टुलावर बसलेला काशीनाथ मांडीवर पुस्तक घेऊन आपला आवाज ऐकत राहतो, आणि टेपमधून "पान उलटतोय" आलं की अंगठा जिभेला लावून पान उलटतो.

छत्तिसाव्या प्रकरणाशी टेप संपतो. सेल वाचवायला बाई बटण लगेच बंद करतात. काशीनाथ पुस्तक मिटतो, उठतो, आणि चप्पल बाहेर काढलेली असते ती घालतो.