उन्हाशिवाय भरलेलं वर्षाचं धान्य

डब्लिनला गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी वर्षाचं धान्य भरलं. खोली एवढीशी होती की कपाटाचं दार उघडायचं तर आधी पलंगावर बसावं लागायचं. त्या पलंगाखाली पिठाच्या चार पिशव्या, तांदळाच्या दोन गोण्या, तूरडाळ, मूग आणि तिखटाचा डबा असं सगळं बसवलं. भारतीय दुकानातल्या माणसानं विचारलं, "मेस चालवता का?" मी नुसती मान हलवली. त्यानं ती होकारार्थी घेतली आणि थोडी सूट दिली.

पगाराचा निम्म्याहून जास्त भाग भाड्यातच जायचा. उरलेल्यात बसचा पास, फोन आणि हीटरचा वाटा. हे आकडे माझ्या हातात नव्हते, हातात होतं ते फक्त जेवण. आणि महागाईला तोंड द्यायची एकच रीत मी घरी पाहिली होती: वर्षाचं एकदम भरायचं.

आमचं घर राहात्याचं. मार्च-एप्रिलमध्ये बाबा ओळखीच्या माणसाकडून नेवाशाचा गहू आणायचे, ज्वारी पाथर्डीकडची. पोती गच्चीवर चढायची आणि आई धान्याला ऊन दाखवायची. मग कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठी भरायची. डाळीला एरंडेल चोळायचं काम माझं. कोठीचं झाकण लागलं की आई पदरानं कपाळ पुसून म्हणायची, "चला, वर्षाची काळजी मिटली." ते वाक्य मला फार आवडायचं. पलंगाखाली शेवटची पिशवी ढकलून मी ते स्वतःशी म्हणून पाहिलं.

मला पैसे वाचवायचे होते ते मे महिन्याच्या तिकिटासाठी. मे महिना म्हणजे आमच्याकडे कुरडया. तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. पहाटे तो शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवरच्या प्लास्टिकच्या कागदावर पाडायचा. पहिल्या घाण्यातला वाटीभर चीक साखर-तूप घालून मला मिळायचा. त्यानंतर माझं काम राखणीचं. छत्री उघडून काठी घेऊन बसायचं आणि कावळे हाकलायचे. मला ते काम आवडायचं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नसे. शाळेच्या लायब्ररीतलं इंग्रजी पुस्तक मांडीवर असायचं. शेजारच्या काकू सोऱ्या दाबायला यायच्या आणि जाता जाता मला टोमणा मारायच्या.

"इंग्लिश मिडियमची राखणदार हाय बाई. कावळ्याला सॉरी म्हनती."

आई हसायची. मीही पुस्तकात तोंड घालून हसायचे.

मी निघाले त्या वर्षी आईचा उजवा खांदा धरला होता. शेवटच्या घाण्याला तिला सोऱ्या दाबता येईना. ती म्हणाली, "आता पुरे. पुढच्या वर्षीपासून विकतच्या आणू." काकूही म्हणाल्या, "व्हय, बचत गटाच्या चांगल्या असत्यात." मी सोऱ्या धुवायला घेतला. पण मनात धरलं की मेमध्ये यायचं आणि सोऱ्या मी दाबायचा. मी आले तर आई गहू भिजवेल. नाही आले तर आमच्या घरच्या कुरडया संपल्या.

डब्लिनच्या घरात आम्ही दोघी भाडेकरू होतो. शेजारच्या खोलीत ब्राझीलची एक मुलगी होती, वृद्धाश्रमात काम करायची. खाली घरमालकीणबाई राहायच्या. स्वयंपाकघर एकच आणि फळ्या वेगवेगळ्या. माझ्या डब्यांवर मी नावाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. ब्राझीलची मुलगी एकदा म्हणाली, "तुझ्या फळीकडे पाहिलं की औषधांच्या दुकानात आल्यासारखं वाटतं." मी एक सुटत आलेली चिठ्ठी दाबून बसवली.

फेब्रुवारीत खोलीत पाखरं दिसायला लागली. बारीक, करड्या रंगाची. आधी दिव्याभोवती एखाद-दुसरं, मग पडद्यावर. पलंगाखालची पिशवी ओढून उघडली तर पिठाला जाळी धरलेली. घरी गहू वर्षभर टिकतो, पीठ नाही. पीठ आठवड्याचं आठवड्याला गिरणीतून यायचं. हे मला माहीत होतं, पण तिकडं ना गहू मिळत होता ना गिरणी, म्हणून मी गव्हाचा नियम पिठाला लावला होता. आणि ऊन? त्या खिडकीत दिवसाकाठी हातरुमालाएवढं ऊन यायचं, तेही ढगांनी येऊ दिलं तर. भिंतीला ओल होती. आईच्या सगळ्या हिशेबात ऊन फुकट धरलेलं होतं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

घरमालकीणबाईंना जिन्यात पाखरू दिसलं. त्यांना वाटलं, कसर लागली, आता लोकरीचे कोट गेले. त्या दारात उभ्या राहून पलंगाखाली पाहत राहिल्या.

"हे काय आहे?"

"जेवण," मी म्हणाले.

"किती जणांचं?"

"माझंच. वर्षभराचं."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मुली, दुकानं रोज उघडी असतात इथे. रविवारपर्यंत हे बाहेर गेलं पाहिजे."

पीठ सगळं टाकलं. पिशव्या जिन्यावरून खाली नेताना तिकिटाचा विचार मनात आणायचा नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. डाळ आणि तांदूळ मात्र धड होते. एरंडेल मी विसरले नव्हते. औषधांच्या दुकानातल्या इवल्याशा बाटल्या आणून चोळलं होतं. पण त्या गोण्याही आता खोलीत ठेवता येणार नव्हत्या. मी स्वयंपाकघरात टेबलावर डाळ पसरून निवडत बसले. ब्राझीलची मुलगी कामावरून आली, कोट न काढताच समोर बसली आणि तीही निवडायला लागली.

"खडे शोधायचे?"

"खडे नाहीत. किडे."

"बरं झालं सांगितलंस. मी खायला विचारणार होते."

मग तिनं सांगितलं की तिच्या घरीही रोज भात आणि शेंगदाण्याएवढे काळे घेवडे शिजतात, आणि इथे एकटीसाठी शिजवायचा तिला कंटाळा येतो. "दोघींचं एकत्र करू या का? भाज्या मी आणते, तू तुझा डोंगर संपव." मला 'हो' म्हणायला दोन दिवस लागले. हो म्हणाले तेही बोलून नाही. वरणाचं पातेलं तिच्या फळीसमोर ठेवलं. पुढच्या आठवड्यात डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाफेनं सुटल्या, त्या मी पुन्हा चिकटवल्या नाहीत.

खर्च कमी झाला, पण पिठाचे गेलेले पैसे मेच्या आत भरून निघणार नव्हते. उन्हाळ्यात तिकिटंही चढतात. एप्रिलमध्ये आईला फोन केला.

"मेमध्ये जमत नाहीये."

मागे कुकरची शिट्टी झाली. आईनं गॅस बारीक केला असावा.

"बरं. मग कधी?"

"ऑक्टोबरमध्ये स्वस्त असतं."

"बरं," ती पुन्हा म्हणाली. घरच्या कुरडया संपल्या, असं मी धरून चालले.

ऑक्टोबरमध्ये पहाटे घरी पोचले तर ओट्याखालून आंबूस वास येत होता. झाकण काढून पाहिलं, गहू भिजत होते.

"मे महिन्यातले ठेवले होते," आई म्हणाली. "ऑक्टोबरचं ऊन काय कमी असतं का? दोनच घाणे करू."

तिसऱ्या दिवशी काकू गच्चीवर आल्या, कमरेवर हात ठेवून. "दिवाळी तोंडावर आली, लोक चकल्या पाडत्यात, अन् ह्या मायलेकी कुरडया घालत्यात. लई शानपना."

"तुम्ही कागद धरा काकू," मी म्हणाले.

"आता ग बया. ही बोलती व्हय?"

सोऱ्या मी दाबला. चीक गरम होता, तळवे लाल झाले. पहिल्या काही कुरडया वेड्यावाकड्या पडल्या, आईनं त्या कडेला घेतल्या. मग मी छत्री उघडून बसले. या वेळी पुस्तक आणायचं राहूनच गेलं होतं. पाठीवर ऊन चांगलं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी उलटताना आईनं विचारलं, "किती नेशील? सगळ्याच ने. वर्षभर पुरतील."

"वर्षाचं नको. दोघींना चार-सहा वेळा तळता येतील एवढ्या दे."

आईचा हात थांबला. "दोघी? दुसरी कोण?"

घरच्यांना मी कधी कुणाबद्दल आपणहून सांगत नाही. पण गच्चीवर आम्ही दोघीच होतो आणि अर्धा कागद उलटायचा बाकी होता. मी पाखरांपासून सुरुवात केली.