बंद घराला हाक

समस्त दौंड तालुक्यास कळवण्यात येते की, वरवंडात घरं दाखवणारे आमचे एजंट रिकाम्या घरातही विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. चपला काढणार, खाकरणार, कडी वाजवणार, ‘घरात हाय का कुणी?’ म्हणणार आणि मगच कुलूप उघडणार. मी दर वेळी पोट धरून हसायचो.

परवा भरदुपारी त्यांनी वर्षानुवर्षं बंद असलेलं एक घर दाखवायला नेलं. बायकोला ते बाहेरूनच पसंत होतं. व्यवहार ठरल्यातच जमा होता. त्यांनी हाक मारली, दाराला कान लावला आणि त्यांची अखंड बडबड एकदम थांबली. चपला हातात घेऊन ते झपाझप पायऱ्या उतरले. मीही त्यांच्या मागोमाग खाली धावलो.

“मामा, काय झालं?”

“साहेब, मागनं येऊ. आतली मंडळी जेवाया बसल्याती!”