गवराबाईच्या परडीतला निळा मणी

गवराबाईला लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं, आणि सायकलवर तर ती जन्मात बसली नव्हती. तरी रहाटणीकडनं पिंपरीच्या माळावरच्या बाटल्यांच्या कारखान्यात जाताना कुणी कुणाच्या सायकलवर बसायचं, हे तीच ठरवायची. देव माणसाला नेमकं न येणारंच काम देतो, तसं झालं.

तिचं चहाचं खोपट पवना नदीवरच्या फरशीच्या अलीकडं होतं. फरशी म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. पाणी जरा चढलं की तोच पाण्याखाली. तेव्हा कारखाना नुकताच निघाला होता. सकाळी सातला भोंगा व्हायचा आणि फाटक लागायचं. चालत येणारी माणसं धापा टाकत पोचायची तोवर फाटक बंद. आणि सायकलवाले मागचं कॅरियर रिकामं ठेवून, घंटी वाजवत, त्यांच्या शेजारून निघून जायचे.

कामगारांचं बघायला अर्जुनराव म्हणून साहेब होते. त्यांनी कागद काढला, की सायकलवाल्यानं एकेक चालणारा मागं घ्यावा. जो जोडीनं येईल त्याला भोंग्यानंतर दहा मिनिटांची सवलत. कागद लिंबाला चिकटवला. वाचणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेळीनं खाल्ला.

तेव्हा अर्जुनराव खोपटात आले. म्हणाले, "गवराबाई, सगळे तुमचं ऐकतात म्हणे."

"ऐकत न्हाईत हो साहेब. चहा माझ्याकडंच मिळतो, म्हणून मान हलवत्यात."

पण तिनं काम अंगावर घेतलं. नावं लिहायची कशी, तर तिनं लिहिलीच नाहीत. दर चालणाऱ्याकडनं तिनं एकेक खूण मागून घेतली. कुणी चिंचोका दिला, कुणी कवडी, कुणी सदऱ्याचं बटण, एकीनं फुटक्या बांगडीचा तुकडा. खुणा तिच्या वेताच्या परडीत राहायच्या. सकाळी जो ज्याला मागं घेईल त्यानं त्याची खूण घ्यायची आणि फाटकावर उद्धवराव पहारेकऱ्याच्या डब्यात टाकायची. खूण डब्यात पडली म्हणजे जोडी पोचली, दहा मिनिटं उशीर माफ. सुटी झाली की ज्यानं त्यानं आपली खूण उचलायची आणि परतताना परडीत टाकायची. परडी भरली म्हणजे सगळी माणसं नदीच्या अलीकडं आली. परडी भरल्याशिवाय गवराबाई जेवत नसे. कुणी सुटल्यावर बाजारात रेंगाळला तर दुसऱ्या दिवशी त्याला चहाबरोबर शिव्याही मिळायच्या.

वर्षभरात चऱ्होलीच्या वाटेवर आणि सांगवीच्या वाटेवर तसेच थांबे झाले, तशाच परड्या झाल्या. सुटीच्या दिवशी गवराबाई बैलगाडीत बसून तिकडं जायची आणि तिथल्या लोकांना कामाला लावून यायची. अर्जुनराव म्हणायचे, तीन वाटांच्या तुम्ही मालकीण. ती म्हणायची, "मालकीण कसली, तीन गावच्या शिव्या एका तोंडानं देती, एवढंच."

असं सगळं बरं चाललं होतं. मग त्या परडीत एक मणी ओला राहायला लागला.

निळा मणी, बैलाच्या गळ्यातल्या माळेतला. तो सदैव तळाशी असायचा, कारण त्याला घेऊन जाणारं कुणी नव्हतं. कार्तिक सरला होता, आभाळ कोरडं ठणठणीत. परडीतले चिंचोके कोरडे, कवड्या कोरड्या, आणि तो मणी मात्र रोज सकाळी पाण्यातनं काढल्यागत. गवराबाई पदरानं पुसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला. ती कुणाला बोलली नाही. मणी कुणाचा ते तिला ठाऊक होतं.

मग एक दिवस मुरारी सायकलवाला आला. गड्याचं अंग पैलवानाचं आणि तोंड भटारखान्याचं, कायम चालू. त्या दिवशी मात्र गप्प. चहा निम्मा झाला तेव्हा म्हणाला, "मावशे, काल मी एकटाच गेलो फरशीवरनं. मागं कुणी न्हाई. फरशीवर चाक घातलं आणि सायकल जड झाली. कुणी मागं बसल्यावर होते तशी. पलीकडं गेलो, मागं बघितलं, तर कॅरियरवरचं गोणपाट चिंब. पिळलं तर पाणी निघालं. मावशे, नदीचा वास होता त्याला."

"दव पडलं असंल."

"दव नेमकं बसायच्या जागीच पडतं व्हय? बाकीची सायकल कोरडी होती."

आठवड्यात आणखी चौघांना तसंच झालं. पहिल्यांदा हसले, मग हसायचे थांबले. सायकलवाल्यांनी बाभळीच्या फांद्या तोडून कॅरियरवर बांधल्या, काटे वर करून. म्हणजे कुणी बसायलाच नको, ना जिवंत ना दुसरं. चालणारे पुन्हा चालायला लागले. परडी सकाळीही भरलेली आणि संध्याकाळीही भरलेली. गवराबाईला ती भरलेली परडी बघवेना.

सगळ्यात वाईट झालं ते सरुबाईचं. ती ज्योतीरामची बायको. दोघं भूमकडून, दुष्काळातनं आलेली. ज्योतीराम भाद्रपदात पहिल्याच दिवशी कामावर निघाला आणि फरशीवरनं वाहून गेला. दोन दिवसांनी खाली सांगवीच्या वळणाला सापडला. त्याच्या जागी कारखान्यानं सरुबाईला बाटल्या धुवायला घेतलं, पण कच्च्या नेमणुकीवर. तीन वेळा उशीर झाला की नाव कमी. घरात आंधळी सासू. एरवी मुरारी तिला मागं घेऊन जायचा. काटे बांधल्यापासनं ती चालत जायची, आणि दोनदा तिचा उशीर झाला होता.

मार्गशीर्षातली एक सकाळ. नदीवर धुकं असं दाट की फरशीचं पलीकडचं टोक नव्हतंच. मुरारी चहा पिऊन काट्यांची सायकल घेऊन निघाला, तशी गवराबाई वाटेत आडवी उभी राहिली.

"काटे काढ."

"मावशे, पाया पडतो. आज न्हाई."

"आज उशीर झाला तर तिचा तिसरा हाय. काढ म्हणते ना."

सरुबाई आलीच होती, डोईवर पदर, हातात भाकरीचं फडकं. म्हणाली, "राहू द्या मामी. भिणाऱ्या माणसाला कशाला बळं करायचं? मी पळत जाते."

"तुझा नवराबी पळतच गेला," गवराबाईच्या तोंडून निघून गेलं. मग ती खाली बसली. तिनं परडीत हात घातला, तळातला मणी काढला आणि सरुबाईपुढं धरला. मण्यातनं पाण्याचा एक थेंब तिच्या मनगटावरनं ओघळला.

सरुबाईनं मणी ओळखला. "हा आमच्या ढवळ्याच्या गळ्यातला. तुमच्याकडं कसा?"

"त्यानंच दिला. त्या दिवशी आला तो सगळ्यात शेवटी. सायकली भरल्या होत्या. मी मणी घेतला आणि म्हणाले, इथंच थांब, तुझी खूण माझ्याकडं हाय, तुला टाकून कुणी जाणार न्हाई. तो त्या दगडावर बसला. मग चहाला गर्दी झाली आणि मी विसरले. पोरी, मी विसरले! सगळ्या सायकली गेल्या. तो बसूनच. भोंगा झाला तसा उठला आणि पळाला. फरशीवर पाणी होतं. मी हाक मारली तोवर…" गवराबाईनं पदर तोंडावर घेतला. "लोक म्हणाले, उतावळा होता. मी ऐकून घेतलं. तो उतावळा नव्हता. माझ्या शब्दावर थांबला होता."

मुरारी दगडाकडं बघत होता. रोज सगळे त्या दगडावर बसून चहा प्यायचे. आज त्याच्यावर ओलं दिसत होतं, माणूस बसल्याएवढं.

सरुबाई रडली नाही. तिनं मणी घेतला, मुठीत धरला, मग मुरारीच्या हातात दिला. "मग नंबर त्याचा हाय. आधी त्याला न्या. मी मागनं येते."

"आणि तुझं नाव कमी झालं तर?" मुरारी म्हणाला.

"तो माझ्याआधीपासनं उभा हाय, मुरारीभाऊ."

मुरारीनं एकेक काटा सोडला. बोटं रक्ताळली. गोणपाट घडी करून कॅरियरवर घातलं. गवराबाई उठली आणि खोपट तसंच उघडं ठेवून चालू लागली. इतक्या वर्षांत चूल पेटती सोडून ती कधी गेली नव्हती. मुरारीनं सायकल हातात धरली, कारण बसून चालवायची छाती नव्हती. एका बाजूनं सरुबाई, मागं गवराबाई.

फरशीवर चाक आलं आणि सायकल जड झाली. पैलवान गडी, पण त्याला पुढं रेटवेना. गवराबाईनं मागनं हात लावला. गोणपाट गार होतं आणि हाताखाली भिजत चाललं होतं, आतनं पाझर फुटल्यासारखं. तिनं हात काढला नाही. नुसती पुटपुटत राहिली, "चल बाबा, चल. आता टाकून जात न्हाई."

धुक्यात भोंगा झाला. तिघंही थांबली नाहीत.

फाटक लागलं होतं. उद्धवराव फौजेतनं आलेला माणूस, पांढऱ्या मिशा, नियम म्हणजे नियम. साहेबालाही एकदा त्यानं बाहेर उभं केलं होतं. सरुबाईला बघून म्हणाला, "आठ मिनिटं झाली, बाई. चालत आलीस. सवलत जोडीला हाय, चालणाऱ्याला न्हाई. माझ्या हातात असतं तर…"

"आधी ही खूण घ्या," मुरारी म्हणाला आणि मणी पुढं केला.

"कुणाची ही?"

"ज्योतीरामची. भाद्रपदातली."

उद्धवराव रागावणारच होता. मग त्याची नजर कॅरियरवर गेली. गोणपाटातनं पाणी टपकत होतं. धुळीतनं थेंबांची एक रेघ नदीकडनं सरळ इथपर्यंत आली होती. आणि सायकल तर फाटकाच्या बाहेर उभी होती. पण रेघ सायकलपाशी थांबली नव्हती. चौघांच्या डोळ्यांदेखत ती पुढं गेली. एक थेंब, मग एक, माणसाच्या पावलाएवढ्या अंतरानं. फाटकाच्या सळ्यांखालनं गेली, आणि आतल्या कोरड्या फरसबंदीवरनं बाटल्यांच्या खात्याकडं वळली.

मुरारीनं सायकल उचलून बघितली. कापसासारखी हलकी.

उद्धवरावानं मणी डब्यात टाकला. ठण्ण आवाज झाला. मग त्यानं छोटं दार उघडलं आणि सरुबाईकडं न बघता म्हणाला, "तू कुणाबरोबर आलीस?"

सरुबाईनं आतल्या ओल्या रेघेकडं बघितलं. "आमच्या मालकांबरोबर."

"मग जोडीनं आलीस. दहा मिनिटांच्या आत हाय. जा."

त्या संध्याकाळी गवराबाई परडी घेऊन दारात बसली. काटे सगळ्यांनी टाकले होते. चिंचोके आले, कवड्या आल्या, बटण आलं. निळा मणी आला नाही. मुरारी म्हणाला, उद्धवरावानं डबा पालथा केला, त्यात नव्हता. गवराबाईनं भाकरी झाकून ठेवली आणि तशीच निजली. नेम तो नेम.

दुसऱ्या दिवशीही ती उपाशीच होती. संध्याकाळी सरुबाई मुरारीच्या सायकलवरनं उतरली, परडीत आपला बांगडीचा तुकडा टाकला आणि खोपटातच टेकली.

"मामी, काल न्हाई सांगितलं, मला वाटलं भास झाला. आज परत झालं. सकाळी खात्यात गेले तर माझ्या टोपल्यातली एक रांग आधीच धुतलेली. बाटल्या ओल्या, उपड्या घातलेल्या. खात्यात माझ्याआधी कुणी गेलं न्हाई, मुकादम म्हणतो."

"मग?"

"मी ती रांग वेगळी ठेवली. माझ्यात मोजली न्हाई. त्याची ती त्याची." सरुबाईनं झाकलेली भाकरी उघडली, चटणी घातली आणि गवराबाईच्या पुढं सरकवली. "जेवा आता. त्याची वाट बघू नका. तो घरी न्हाई यायचा. कामावर हाय."

गवराबाईनं परडीकडं एकदा बघितलं, नदीकडं एकदा बघितलं, आणि भाकरी मोडली.