लाल होडी की मेथीची होडी?

आमच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून पत्र्याचे तुकडे दर शनिवारी भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साचत राहतात! इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या बनवणारा छोटासा कारखाना, आणि मी तिथे पर्चेसला बावीस वर्षं. गेल्या वर्षी आम्ही सेकंडहँड होडी घेतली, तेव्हापासून नवीन माणूस जॉइन झाला की पहिल्याच आठवड्यात त्याला हे सगळं ऐकावं लागतं. तुम्हीही ऐका.

*

सुरुवात म्हात्रे काकांपासून. काका आमचे स्टोअरकीपर, राहायला ठाण्याच्या खाडीकाठच्या गावात. एकदा बाहेरचे एक साहेब स्टोअर तपासायला आले. ‘स्क्रू, सहा एमएम’ लिहिलेल्या डब्यात त्यांनी हात घातला आणि “आई गं!” करून ओरडले. बोटात मासे पकडायचा गळ!

काका शांतपणे म्हणाले, “साहेब, हलू नका. हलल्यावर अजून रुततो. माशाला पन मी ह्याच सांगतो.”

*

काका दर रविवारी आम्हा तिघांना गळ टाकायला खाडीवर न्यायचे. मी, आर्गन वेल्डिंगवाले कांबळे आणि डिझाइनचे जोशी साहेब. त्यातले जोशी साहेब शुद्ध शाकाहारी! मासा लागला की हलक्या हाताने गळ काढून त्याला परत सोडायचे, वर “सॉरी” म्हणायचे.

काका कपाळावर हात मारायचे. “साहेब, तुमी मासे पकडताव का त्यांच्याशी ओळख करून घेताव?”

*

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं परत आलं, काठी घेऊन घरातल्या घरात चालायलाही लागले. पण चिखल तुडवून पाण्यापर्यंत जाणं संपलं. स्वतःची लाकडी होडी होती, ती केव्हाच कुजून गेलेली.

आम्ही भेटायला गेलेलो तेव्हा काका गॅलरीत बसलेले, खाडीकडे पाठ करून.

“काका, खुर्ची फिरवून देऊ का?” मी विचारलं.

“कनाला? नुसता बघून काय करू, बाय?”

परत येताना रिक्षा केली. तीन हात नाक्याच्या सिग्नलला कांबळे एकदम म्हणाले, “होडी घ्यायची.”

“कांबळे, होडी घेणं म्हणजे काय गंमत आहे का? आधी नीट विचार...”

“साहेब, मी विचारत नाहीये. सांगतोय! आणि ॲल्युमिनियमचीच घ्यायची. हलकी असते, चौघं उचलतील. लाकडातलं मला काही कळत नाही. ॲल्युमिनियम फाटलं तर मी बसलोय!”

सिग्नल सुटायच्या आत आमचं ठरलेलं होतं.

*

नवी परवडणारी नव्हती. महिनाभर शोधल्यावर दोन जुन्या होड्या सापडल्या. किंमत जवळपास सारखीच, हीच तर पंचाईत!

पहिली घोडबंदर रोडला, एका टॉवरच्या पार्किंगमध्ये. चौदा फुटी, लालभडक, सीटवर गाद्या, बाजूला कप ठेवायला भोकं. मालक तरुण, आयटीतले. म्हणाले, “एकदाच वापरलीय, सर.” जोशी साहेब तर बघताक्षणी प्रेमात!

कांबळे सरळ खाली आडवे झाले आणि बोटांनी तळ ठोकत निघाले. टण. टण. टण. ठप्प!

“इथे रंगाखाली चीर लांबी भरून बुजवलीय,” ते खालूनच म्हणाले. “साहेब, वापरली एकदाच, पण आपटली किती वेळा?”

मालक लाजले. तेवढ्यात त्यांची बायको लिफ्टमधून आली. “ह्यांचं ऐकू नका, पण होडी घेऊन जा! दोन वर्षं माझी स्कूटी रस्त्यावर उभी आहे!”

*

जोशी साहेबांचं म्हणणं पडलं की लांबी काढून पॅच मारता येईल, तेवढ्यासाठी चांगली होडी सोडायची नाही. मग ट्रायल ठरली. मालकांनी बिचाऱ्यांनी स्वतः होडी खाडीच्या धक्क्यावर आणून पाण्यात सोडली. निमुळत्या तळाची होडी, वेगाला उत्तम, पण उभी असली की डुलणार. कड कमरेइतकी उंच. जोशी साहेबांनी ऐटीत एक पाय कडेवरून आत टाकला आणि होडी त्यांच्याच बाजूला कलली. दुसऱ्या मिनिटाला साहेब कमरेपर्यंत पाण्यात!

“पाण्यात उतरून बघायचंच होतं मला,” ते म्हणाले.

आता लाल होडी बाद, असं आम्ही समजत होतो. पण काकांना दोन्ही होड्यांचे फोटो दाखवले तर काकांचं बोट लालवरच!

“काका, धडधाकट माणूस पडला हो तिच्यातून,” कांबळे म्हणाले. “दुसरी टिटवाळ्याला आहे. सपाट तळाची, बुटक्या कडेची. तुमच्यासाठी...”

“माझ्यासाठी काय? पांगल्याची होडी?” काकांचा आवाज चढला. “मना ती नको. लाल आनायची तर आना, नय तर राहू दे!”

काकू आतून म्हणाल्या, “बघा, आठ महिन्यांत पहिल्यांदा भांडले. डॉक्टरांना सांगायला पाहिजे!”

*

तरी आम्ही हट्टाने त्यांना टिटवाळ्याला नेलं. जोशी साहेबांची गाडी, पुढच्या सीटवर काका. रस्ताभर तोंड खिडकीकडे.

नदीकाठी सुनंदाताई म्हणून एका बाईंचं छोटं फार्महाऊस आहे. पाहुणे येणं बंद झालेलं, त्यामुळे पाहुण्यांना फिरवायची होडी अंगणात पडून. बारा फुटी, रंग नाही, जुन्या पातेल्यासारखी पोचे आलेली. आणि तिच्यात हिरवीगार मेथी!

“पडूनच होती, म्हणून माती भरली,” ताई म्हणाल्या. “मेथी मस्त येते हो हिच्यात.”

जोशी साहेबांनी टाळीच वाजवली. “कांबळे, पाण्याचा निचरा झाल्याशिवाय मेथी येते का? म्हणजे ही होडी गळते!”

“गळत असेल तर दिसू दे ना कुठून गळते! मी बसलोय!”

“मग लाल दुरुस्त करायलाच बसा की!”

“लालची कड कापून बुटकी करू का?”

दोघं हातघाईवर आले. मी मध्ये पडले, सुनंदाताई पाणी घेऊन आल्या, त्याही मध्ये पडल्या. पाच-सात मिनिटं नुसता कल्लोळ! काकांकडे कोणाचं लक्षच नाही. मी त्यांना आंब्याखालच्या खुर्चीत बसवलं होतं. मागे वळून बघते तर खुर्ची रिकामी. काठी गवतात.

काका होडीत होते. बुटक्या कडेवर आधी बसले असणार, मग उजव्या हाताने एकेक पाय उचलून आत घेतला असणार. कोणी धरलं नव्हतं, कोणी बघितलंही नव्हतं. आडव्या फळीवर ताठ बसलेले, पायजमा मातीने भरलेला, धाप लागलेली.

भांडण तिथेच थांबलं.

काकांनी आमच्याकडे एकदा बघितलं. “बघत काय रायलाव? पयले ही मेथी काढा!”

*

मेथीच्या सतरा जुड्या झाल्या. सुनंदाताईंनी त्या आम्हालाच दिल्या. माती उपसल्यावर मागच्या बाजूला बुचाचं भोक सापडलं. बूच काढून ठेवलेलं, निचरा तिथूनच व्हायचा!

कांबळ्यांनी बूच लावलं, होडी विटांवर ठेवली आणि पाइप लावून काठोकाठ पाण्याने भरली. मग खडू घेऊन खाली बसले, पाणी बाहेर कुठे येतंय ते बघत. अर्ध्या तासाने उठले. खडूच्या खुणा दोनच.

“दोन रिवेट सैल आहेत, बाकी ठणठणीत. साहेब, आपल्या कॅन्टीनचा नळ याच्यापेक्षा जास्त गळतो!”

*

रिपेअरिंगसाठी होडी टेम्पोतून कारखान्यात आणली. पण गेटवरचा सिक्युरिटीवाला आत सोडेना. “मॅडम, गेटपासशिवाय मटेरियल आत नाही. मोठ्या साहेबांची ऑर्डर आहे.”

बावीस वर्षं पर्चेसमध्ये कशाला काढली? तिथेच गेटपास लिहिला. ‘ॲल्युमिनियम पातेलं, एक नग, रिपेअरसाठी.’

त्याने वाचलं. टेम्पोकडे बघितलं. परत वाचलं. “साइज लिहा, मॅडम.”

मी लिहिलं, ‘बारा फूट.’

त्याने शिक्का मारला. “झाकण वेगळं येणार का?”

*

परवानगीचे कागद जोशी साहेबांनी पूर्ण केले आणि एका रविवारी सकाळी गावच्या बंदरावरून होडी पाण्यात गेली. काका धक्क्याच्या पायरीवर बसले, कडेवर सरकले आणि आत गेले. आम्ही हात पुढे केलेले, त्यांनी धरले नाहीत.

काकूंनी आम्हा तिघांना बाजूला घेतलं. “त्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवा हो. परवा तापलेल्या तव्याला लागला, फोड आला, तरी ह्यांना पत्ता नाही. वास आला म्हणून मी धावले.”

मी तो हात उचलून त्यांच्या मांडीवर नीट ठेवला. कांबळे वल्ही मारायला बसले, जोशी साहेब पुढे, मी काकांच्या शेजारी. भरतीचं पाणी चढत होतं. मध्यावर आल्यावर काकांनी उजव्या हाताने गळ टाकला, दोरी बोटाला गुंडाळली आणि तिच्याकडे बघत बसले.

होडी जराशी वळली तसा त्यांचा डावा हात मांडीवरून घसरला आणि कडेबाहेर लोंबला. मनगटापर्यंत पाण्यात. मी उचलायला पुढे झाले, तोच काका म्हणाले,

“पानी थंड हाय आज.”

कांबळ्यांची वल्ही थांबली. जोशी साहेबांनी मागे वळून बघितलं.

“काय म्हणालात, काका?”

“पानी थंड हाय म्हनलो. वल्हव ना रं, थांबलास कनाला?”