पिवळी रेघ, काळी खूण

दिनांक १७ नोव्हेंबर १९९१, रविवार. या दिवसाविषयी तपासून पाहता येईल अशी एकच गोष्ट हाती आहे. रुग्णालयाच्या नोंदवहीनुसार सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी अडतीस वर्षांच्या एका पुरुषाला तिथे आणण्यात आले. त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली होती. व्यवसायाच्या रकान्यात ‘बसचालक’ असे लिहिले आहे. पुढे येते ते सारे माणसांच्या आठवणींतून आणि अकरा वह्यांतून गोळा केलेले आहे.

वह्या बसचालकाच्या थोरल्या भावाच्या. ते दंतवैद्यांना कवळ्या बनवून देत, म्हणून गल्लीत त्यांना सगळे ‘कवळीवाले’ म्हणत आणि त्यांनाही त्यात वावगे वाटत नसे. १९८६ साली, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारातून त्यांनी १९७२ सालची एक जपानी स्पोर्ट्स कार उचलली. लांब नाकाची, बुटकी, दोनच माणसे मावतील अशी. तळाचा पत्रा गंजून चाळणी झालेला, डाव्या आसनात पाखरांचे घरटे. टेम्पोतून उतरवलेला तो सांगाडा पाहून त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, “अहो, आपल्याला मूल हवं होतं, हे कुठून आणलंत?”

घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये पाच वर्षे ही गाडी उभी राहत गेली. सुटे भाग मिळत नसत. मागच्या दिव्याची फुटलेली काच त्यांनी दातांच्या प्लास्टरमध्ये साचा घेऊन पुन्हा ओतली. डॅशबोर्डवरचे हरवलेले बटण कवळीच्या गुलाबी ॲक्रिलिकचे केले आणि वर काळा रंग दिला. रंग आता कडेने उडाला आहे. पत्नी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आवर्जून दाखवतात: “बघा, गाडीला हिरड्या बसवल्यात यांनी.” दोन्ही कार्बुरेटर सारखीच हवा ओढताहेत की नाही, हे ते रबरी नळीचे एक टोक कानाला लावून ऐकत. डोळे मिटून उभे असलेले त्यांचे ते रूप पाहून शेजारचा मेकॅनिक म्हणे, “डॉक्टर, नाडी लागली का?”

वह्यांची शिस्त थक्क करणारी आहे. प्रत्येक बोल्टला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीला दोन रकाने: ‘आवळले’ आणि ‘रेघ’. ठरावीक जोर आला की ‘टक’ असा आवाज करणारा एक पाना त्यांच्याकडे होता; त्याला ते ‘टक्क्या’ म्हणत. टक्क्याने बोल्ट आवळला की बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. बोल्ट पुढे कधी ढिला झाला तर रेघ मध्येच तुटलेली दिसते आणि दुरूनही कळते. गाड्यांच्या कामात ही पद्धत नवी नाही. पण घरच्या गाडीत एकूण चारशे बारा रेघा ओढणारा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये या वह्या एका छोट्या संग्रहालयाच्या ‘घरगुती कारागिरी’ विभागात जाणार होत्या आणि त्यांचे वर्णन तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. वर्णनात शाईचा रंगही नोंदवावा लागतो. सहाव्या वहीतल्या स्टिअरिंगच्या पानावर सहा ओळी आहेत. पहिल्या पाच ओळींतल्या दोन्ही खुणा निळ्या. सहावी ओळ ‘स्टिअरिंगचा दांडा, खालचा जोड, पकडीचा बोल्ट’ अशी आहे. तिथे ‘रेघ’च्या रकान्यातली खूण निळी, आणि ‘आवळले’च्या रकान्यातली काळी.

“ही नंतर भरलेली दिसते,” मी म्हणालो.

कवळीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग पत्नीला चहा करायला आत पाठवले. चहा नुकताच झाला होता, हे त्या दोघांनाही ठाऊक होते. तरी त्या उठून गेल्या.

“एकतीस वर्षांत हे कुणाला दिसलं नाही,” ते म्हणाले. “म्हणजे कुणी पाहिलंच नाही. मी मात्र रोज पाहत होतो.”

त्यांनी सांगितले ते असे. शनिवारी, सोळा तारखेला, सहापैकी पाच बोल्ट आवळून झाले होते. टक्क्या तेवढ्यात शेजारच्या मेकॅनिकने मागून नेला. सहावा बोल्ट हाताने फिरवून बसवलेला होता. पिवळ्या रंगाची बाटली तळाशी आलेली, झाकण उघडले की रंग सुकायचा, आणि पातळ करायचे द्रावण संपलेले. म्हणून त्यांनी आयुष्यात एकदाच नियम मोडला: पाच रेघांबरोबर सहावीही ओढून टाकली. उद्या पाना परत आला की आवळू, रेघ तुटेल, मग नवी ओढू. वहीत ‘रेघ’पुढे खूण केली, ‘आवळले’ कोरे ठेवले.

“आणि उद्या?”

“उद्या पाना आला सकाळी सातला. मी बॉनेट उघडलं. सगळीकडे पिवळ्या रेघा. माझ्याच हातच्या.” त्यांनी हात उलटे-सुलटे करून पाहिले. “स्वतःच्या अक्षरावर माणूस शंका घेत नाही हो.”

नऊ वाजता धाकटे भाऊ आले. शहरातली बस एकोणीस वर्षे चालवत होते, एक ओरखडा नाही. गाडीची पहिली फेरी त्यांनीच मारायची, हे पाच वर्षांपासून ठरलेले. दहाच्या सुमारास ते निघाले आणि रोपवाटिकेच्या वळणावर स्टिअरिंगचे चाक हातात फुकट फिरू लागले. गाडी दगडी कुंपणावर गेली. पोलिसांच्या नोंदीत ‘वेग जास्त असल्याने ताबा सुटला’ असे आहे, आणि त्याला आधार धाकट्यांच्याच जबाबाचा: “वेग असेलही जास्त. गाडीच तशी होती.” क्रेनवाल्याने तुटके भाग गोणीत भरून भंगारात घातले. तो बोल्ट कुणाला सापडला नाही.

रुग्णालयातून परतल्यावर, दुपारी, कवळीवाल्यांनी वही उघडली आणि हाताला लागले ते पेन घेऊन कोऱ्या जागी खूण केली. पेन काळे होते.

गुडघा बरा झाला, पण बस सुटली. धाकटे पुढची वीस वर्षे डेपोत खिडकीमागे बसून वेळापत्रक लिहीत राहिले. कोणतेही वाहन त्यांनी पुन्हा चालवले नाही. घरात त्यांच्या वेगाची चेष्टा रुळली. तीत अधूनमधून बोचरेपणाही असे. धाकट्यांच्या पत्नी चार वर्षांपूर्वी वारल्या. त्यांनी नवऱ्याला शेवटपर्यंत ‘उतावळा’ ठरवले. कवळीवाले त्या चेष्टेत सामील होत नसत, पण तिला थांबवतही नसत. गाडी मात्र त्यांनी सात वर्षे राबून पुन्हा उभी केली. आजही दर आठवड्याला ते तेल पाहतात, इंजिन चालू करून नळी कानाला लावतात, रबराचे भाग पुसतात. फाटकाबाहेर गाडी एकदाही गेलेली नाही.

“मला वर्णनात शाईतला फरक लिहावा लागेल,” मी म्हणालो.

“लिहा. लिहायलाच हवं. पण आधी त्याला कळू दे. संग्रहालयातल्या चिठ्ठीवर वाचायला नको त्याने. गुरुवारी येतो तो. तुम्हीही या. तुम्ही समोर असलात तर मी पळ काढणार नाही.”

धाकटे दर गुरुवारी चारच्या सुमारास काठी टेकत येत आणि गॅरेजमधल्या लाकडी स्टुलावर बसत. गाडीत कधी बसत नसत. त्या गुरुवारी ते दारातूनच गाडीकडे बघत म्हणाले, “काय दादा, म्हातारी उठते का अजून?”

“तुझ्यापेक्षा लवकर उठते.”

“तिचे गुडघे तू बदललेस ना! माझ्याकडे कधी बघितलंस?”

नेहमीचा विनोद असावा, कारण ते स्वतःच हसले. कवळीवाले हसले नाहीत. त्यांनी सहावी वही धाकट्यांच्या मांडीवर उघडून ठेवली, सहाव्या ओळीवर बोट ठेवले आणि उभ्यानेच सगळे सांगितले. काही गाळले नाही. टक्क्या, रंगाची बाटली, काळे पेन. शेवटी म्हणाले, “तुझा वेग नव्हता, छोट्या. माझा बोल्ट होता.”

धाकटे पानावर वाकले. नखाने काळी खूण खरवडून पाहिली.

“मी बॉनेट उघडलं होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“त्या दिवशी. तू कपडे बदलायला आत गेलास तेव्हा. बसवाल्याची सवय, दादा. निघायच्या आधी प्रत्येक जोडाला हात लावून बघायचा, आमच्या उस्तादाने कानफटात मारून शिकवलेलं. त्या बोल्टपर्यंत हात गेला होता माझा. मग रेघ दिसली. म्हटलं, दादाची रेघ आहे. हात लावला आणि त्याने बघितलं तर राग येईल त्याला. हात मागे घेतला.”

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“एकोणीस वर्षांत एकदाच हात मागे घेतला,” धाकटे म्हणाले. “ते मी कुणाला सांगणार? वेग होता म्हणालो, ते सोपं होतं. वेगवान ड्रायव्हर म्हणवून घेणं परवडतं रे. न बघता निघालेला ड्रायव्हर नाही परवडत.”

“म्हणजे आपण दोघंही...” कवळीवाल्यांचा आवाज हलका झाला होता.

“थांब. बरोबरी करू नकोस.” धाकट्यांनी वही मिटली. “मी चूक केली ती तुझ्यावर भरवसा ठेवण्याची. तू खूण केलीस ती मला हॉस्पिटलात टाकून आल्यावर. आमची ही त्यानंतर माझ्या शेजारी कधी बसली नाही, माहितेय तुला? बसमध्येसुद्धा माझ्यापासून दोन बाकं सोडून बसायची. म्हणायची, तुझ्या नशिबाची मला लागण नको. चार वर्षांपूर्वी जरी बोलला असतास ना दादा, तरी तिला सांगितलं असतं मी. आता कुणाला सांगू? ह्या साहेबांना?”

त्यांनी माझ्याकडे हात केला. मी खाली पाहिले.

“माफ कर म्हणत नाही मी,” कवळीवाले म्हणाले.

“म्हणूही नकोस. आत्ता नको.”

ते उठले, काठी घेतली आणि निघाले. दारात कवळीवाल्यांच्या पत्नी चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. “भाऊजी, चहा?” त्यांनी विचारले. धाकट्यांनी नुसता हात हलवला. त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर पत्नींनी कप खाली ठेवले आणि नवऱ्याला म्हणाल्या, “मला तरी सांगायचं होतंत.” त्या संध्याकाळी त्या एवढेच बोलल्या.

पुढच्या गुरुवारी धाकटे आले नाहीत. कवळीवाले चार वाजल्यापासून स्टुलाकडे पाहत बसले. नळी हातात होती, पण इंजिन चालू केले नाही. त्यापुढच्या गुरुवारी काठीचा आवाज आला. धाकटे स्टुलावर बसले नाहीत. बॉनेट उघडले, वाकले आणि खालच्या जोडावरच्या नव्या बोल्टला, पिवळ्या रेघेवरून, बोट लावले. मग हात पुढे केला. कवळीवाल्यांनी त्यात टक्क्या दिला. पाना जरा जोर देताच, न फिरताच ‘टक’ असा वाजला, म्हणजे बोल्ट मुळातच घट्ट होता. रेघही तुटली नाही. तरीही धाकट्यांनी पुढचा बोल्ट घेतला, मग त्याच्या पुढचा. पाचपर्यंत एकवीस बोल्ट झाले. दोघांत ‘हं’ आणि ‘सरक’ याखेरीज शब्द झाला नाही. निघताना धाकटे म्हणाले, “राहिलेले पुढच्या वेळी.”

वहीचे वर्णन मी पूर्ण केले आहे. सहाव्या ओळीपुढे ‘खूण दुसऱ्या शाईत, अपघातानंतर, वहीकर्त्याचे स्वतःचे कथन’ असे लिहिले आहे. ही खूण मागाहून केलेली होती, एवढे निश्चित. बोल्ट ढिला होता, हे मात्र निश्चित नाही. रविवारी सकाळी टक्क्या परत आल्यावर आपण काही बोल्ट पुन्हा तपासले होते, असे कवळीवाले दुसऱ्या मुलाखतीत म्हणाले. त्यांत हा होता की नव्हता, हे त्यांना आठवत नाही. बोल्ट आवळलेला असून मोडला असणेही शक्य आहे. तो सापडलेला नाही आणि आता सापडण्याची शक्यता नाही. गाडीचा वेग किती होता, हे कुणी मोजले नव्हते. धाकट्यांच्या पत्नींचा त्यांच्या उतावळेपणावर खरोखर विश्वास होता, की ते केवळ एक बोलणे होते, हे विचारायला कुणी उरलेले नाही. आणि धाकट्यांनी भावाला क्षमा केली आहे की नाही, हे मी त्यांना विचारलेले नाही. चारशे बारांपैकी तीनशे एक्क्याण्णव बोल्ट अजून बाकी आहेत.